दिडकीचा पाढा

पहाटे पाचला फोन वाजला की माझ्या वयाच्या माणसाच्या डोळ्यांपुढून आधी नातेवाइकांची यादी सरकते, सर्वांत थकलेलं कोण आहे ते पाहायला. फोन ताईचा होता, पुण्याहून.

"झोपला होतास का रे?"

पहाटे पाचला या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर भांडण होतं. मी नाही म्हणालो.

"अरे, हा आपला तिकडे रोज पार्ले करतो म्हणे. काल स्वतःच्या तोंडाने म्हणाला, आई, आज पाचाचं पार्ले केलंय. म्हणजे काय?"

'आपला' म्हणजे माझा भाचा. न्यू जर्सीत एडिसनला असतो. ताईला आधी वाटलं, पोरगा स्वयंपाकाचा कंटाळा करून बिस्किटांच्या पाच पुड्यांवर दिवस काढतोय. मग तिने शेजारणीला विचारलं. तिचं माहेर विलेपार्ल्याचं, त्यामुळे ती विनाकारण सुखावली. शेवटी सुनेने उलगडा केला की पार्ले म्हणजे पैज, आणि ती बेसबॉलवर लावायची असते.

"तू जरा बघ. चेन्नईला आहेस, तुला माहीत असेल."

चेन्नईचा आणि बेसबॉलचा संबंध मीनाक्षीच्या देवळाशी कोकणी फणसाचा असेल तितकाच. पण ताईचं तर्कशास्त्र वेगळं. "तुमच्याकडचाच ना तो संघ, सट्ट्यापायी दोन वर्षं घरी बसवलेला?" आता यावर काय बोलणार? २०१६ आणि २०१७ या दोन मोसमांत आमचा पिवळा संघ आयपीएलबाहेर होता हे खरंच आहे. ताई पुण्याची असल्यामुळे ते विसरणार नाही. त्या दोन वर्षांत आमचा धोनी त्यांच्याकडे खेळायला गेला होता.

न्यू जर्सीत संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सामना सुरू होतो तेव्हा चेन्नईत पहाटेचे चार पस्तीस झालेले असतात. वेलाचेरीच्या आमच्या सोसायटीत त्या वेळी दोनच माणसं जागी असतात, मी आणि रायर. तिसरा वॉचमन, पण तो जागा नसतो.

रायर म्हणजे खालच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांचं घराणं एकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला आलं. त्यामुळे त्यांची मराठी साडेतीनशे वर्षं जुनी आहे, आणि माझी मराठी त्यांना 'नवीन पोरांची' वाटते. ते बोलतात ते मी इथे आपल्या वळणावर आणून लिहितो आहे. पेरंबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले. पण नोकरीपेक्षा जास्त निष्ठेने चाळीस वर्षं ते कुठे गेले असतील तर गिंडीच्या रेसकोर्सवर. "एकूण किती हरलात?" असं एकदा विचारलं तर म्हणाले, "हरलो नाही. फी भरली."

गुरू इमारतीतच होता. मी रायरांना घेऊन गच्चीवर गेलो, फोन टेकवून ठेवला आणि भाच्याला म्हणालो, चल, शिकव.

बेसबॉल समजायला अवघड नाही. विटीदांडूचा अमेरिकेत जाऊन श्रीमंत झालेला मावसभाऊ म्हणा. दोन्ही संघांना नऊ-नऊ पाळ्या मिळतात, पिचर चेंडू फेकतो, दांडूवाला बहुतेक वेळा हुकवतो आणि चार टप्पे फिरून घरी आला की एक धाव. सामना बरोबरीत सुटत नाही, निकाल लागेपर्यंत पाळ्या वाढवत नेतात. तीस संघ आहेत आणि एकेक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. म्हणजे ज्याला पैज लावायची खाज आहे त्याला मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोजची सोय.

"पहिली मनीलाइन," भाचा म्हणाला. "मामा, हे सगळ्यात सोपं. कोण जिंकणार, एवढंच सांगायचं."

पडद्यावर एका संघापुढे उणे १५० होतं, दुसऱ्यापुढे अधिक १३०. मी अर्थातच अधिकवाल्याकडे बोट दाखवलं. मास्तरांनी आयुष्यभर हेच शिकवलं होतं. पण इथे उणे म्हणजे लाडका आणि अधिक म्हणजे दुबळा. लाडक्यावर १५० डॉलर लावा तेव्हा १०० सुटणार. दुबळ्यावर १०० लावले तर १३० सुटणार. आणि हरलात तर दोन्हीकडे लावलेले गेले.

रायर इतका वेळ गुडघा चोळत बसले होते. त्यांनी खिशातून बसच्या तिकिटाचा कागद काढला. "अडीचशे मिळवायला दीडशे लावायचे, म्हणजे लाडका शंभरात साठ वेळा जिंकेल असं पैजा घेणारं दुकान म्हणतं. दोनशे तीस मिळवायला शंभर, म्हणजे दुबळा साडेत्रेचाळीस वेळा. बेरीज करा."

बेरीज एकशे साडेतीन आली.

"सामना शंभर टक्क्यांचा. मग हे वरचे साडेतीन कुणाचे?"

दुकानाचे. आपल्याकडे क्रिकेटचे बुकी 'सत्तर-बहात्तर' असा जोडभाव सांगतात, एक लगाईचा, एक खाईचा. त्यातली मधली फट ती हीच. पेशवाईत साडेतीन शहाणे होते. त्यांतले तीन पूर्ण शहाणे आज कुणाला आठवत नाहीत. नाव राहिलं ते अर्ध्याचं, नाना फडणवीसांचं. तलवार न उचलता हिशेब सांभाळणारा अर्धा शहाणा सगळ्यांना पुरून उरतो, ही गोष्ट अमेरिकेतल्या दुकानदारांना कुणी सांगितली कोण जाणे.

खरी गंमत दुसऱ्या प्रकारात आहे. त्याचं नाव रनलाइन. यात लाडक्याच्या डोक्यावर दीड धावेचं ओझं ठेवतात. तो नुसता जिंकून भागत नाही, दोन धावांनी जिंकला पाहिजे. उलट दुबळा एका धावेने हरला तरी त्याच्यावर लावणारा जिंकला.

"दीड धाव?" मी म्हणालो. "अर्धी धाव कोण काढतो?"

"कुणीच नाही, मामा. म्हणून तर ती ठेवलीय."

हे वाक्य मला दोन दिवस पुरलं. जगात अर्ध्याचा आदर आपल्याइतका कुणी केला नसेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आमच्या आजोबांच्या पिढीने हे पाढे छड्या खाऊन पाठ केले. दीडशहाणा, दीड दमडीचा, दीड वितीचा. आपल्या भाषेत दीड आला की समजावं, माणूस स्वतःला समजतो त्यापेक्षा कमी आहे. आणि इकडे अख्खी अमेरिका रोज संध्याकाळी दिडकीचा पाढा घोकते आहे.

अर्धी धाव कशाला, हे रायरांनी सांगितलं. सप्टेंबर १९८६, चेपॉक. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकायला ३४८ हव्या होत्या आणि आपण ३४७वर संपलो. सामना टाय. रायर त्या दिवशी स्टँडात होते, डोक्याला ओला पंचा गुंडाळून. त्यांच्या ओळखीच्या दोघांनी तिथेच आपसात पैज लावली होती. "ते अजून भांडतात. एक म्हणतो पैसे परत, दुसरा म्हणतो पुढच्या कसोटीवर. अर्धी धाव असती तर त्याच संध्याकाळी मिटलं असतं." सारखं-सारखं झालं तर दुकानाला पैसे परत द्यावे लागतात. अर्ध्याने ती कटकट जाते. कुणीतरी हरलाच पाहिजे, एवढंच अर्ध्याचं काम.

त्या पहाटे भाच्याने तीस डॉलर घरच्या संघावर लावले होते, दीड धावेचं ओझं घेऊन. मला पोराचा विश्वास आवडला. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, लाडका संघ. रायर म्हणाले, "जाणार." मी म्हणालो, "येणार." लावू या?

इथे खुलासा करतो. तामिळनाडूत लॉटरी २००३ साली बंद झाली. ऑनलाइन जुगारावर राज्याचा कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले, इतके की भारतीय संघाच्या जर्सीवरचं प्रायोजकाचं नावसुद्धा उतरलं. तेव्हा आम्ही पैशावर काही लावत नाही. आम्ही कोपऱ्यावरच्या कॉफीवर लावतो, आणि तीही वन-बाय-टू. एक फिल्टर कॉफी, दोन पेल्यांत. हरेल तो पैसे देणार. रायरांचं म्हणणं, हरलेला अर्धी पितोच, म्हणून त्याचं नुकसान अर्ध्याच कॉफीचं धरायचं.

आठव्या पाळीअखेर घरचा संघ एका धावेने पुढे होता. नवव्या पाळीत पाहुणे आले आणि भोपळा घेऊन गेले. आता घरच्यांची नववी पाळी, आणखी एक धाव की झालं. मी सरसावून बसलो, तर खेळाडू हात मिळवायला लागले. प्रेक्षक उठले. दिवे तसेच, पण सामना संपला.

"यांची पाळी?"

"जिंकले ना, मामा. घरचा संघ पुढे असेल तर शेवटची पाळी खेळतच नाहीत."

आता बघा. घरच्या लाडक्यावर दीड लावणाऱ्याला नऊ पाळ्यांच्या भावात पुष्कळदा आठच मिळतात. आणि बरोबरीत असताना नववी खेळायला मिळाली, तरी जिंकणारी धाव घरात शिरली की खेळ खलास. चेंडू थेट मैदानाबाहेर गेला तरच मागच्या धावा मोजतात. म्हणजे तिथेही बहुधा एकच. भाच्याचा संघ जिंकला, शहरात फटाके वाजले असतील, आणि भाचा तीस डॉलरनी हरला. मी अर्ध्या कॉफीने.

तिसरा प्रकार ओव्हर-अंडर. कोण जिंकतो याच्याशी देणंघेणं नाही, दोघांच्या मिळून साडेआठच्या वर धावा होतात की खाली, ते सांगा. इथेही अर्धा आहेच. आपल्याकडच्या फंटर लोकांच्या भाषेत हे 'सेशन'. पण बेसबॉलमध्ये हा प्रकार हवामान खात्याच्या अखत्यारीत येतो. डेन्व्हरचं मैदान समुद्रसपाटीपासून जवळजवळ एक मैल उंच, हवा विरळ, चेंडू लांब जातो. म्हणून तिथला आकडा चढा. शिकागोच्या रिग्ली फील्डवर वारा आतून बाहेर वाहतोय की बाहेरून आत, यावर सकाळपासून आकडा हलतो. भाचा मला अमेरिकेचा वाऱ्याचा नकाशा दाखवत होता. या मुलाने भूगोल कधी उघडल्याचं मला आठवत नाही.

रायर या प्रकारावर खूश झाले, कारण निसर्गावर पैज लावणं ही आपली जुनी हौस. मुंबईच्या १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पाऊस पडेल की नाही आणि किती पडेल, यावरच्या पैजांचा चक्क उल्लेख सापडतो. त्याच कायद्यात कापसाच्या भावातल्या आकड्यांवरच्या पैजाही आहेत, आणि तिथून मटक्याची वाट निघते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि मिटते भाव तारेने मुंबईला यायचे आणि गिरणगाव त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर झोपायचं-उठायचं. ते आकडे बंद झाले तेव्हा आपल्या लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या, पण ओपन-क्लोज हे शब्द सोडले नाहीत. एकेकाळी परळचा कामगार न्यूयॉर्कच्या आकड्यावर पैसे लावत होता. आज पुण्याचा मुलगा न्यू जर्सीत बसून तेच करतो. मध्ये फक्त इंजिनिअरिंगची चार वर्षं गेली.

न्यू जर्सीचंही यात पुण्य आहे. खेळांवरच्या पैजांना अमेरिकेत १९९२पासून जवळजवळ देशभर आडकाठी होती. त्याविरुद्ध न्यू जर्सी राज्यच कोर्टात लढलं आणि मे २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे सरकारनेच लावलंय का पोरांना नादी?" मी विषय बदलला.

मग प्रॉप. यात सामना बाजूलाच राहतो. अमुक पिचर किती जणांना बाद करेल, तमुक फलंदाज चेंडू मैदानाबाहेर मारेल का, इतकंच काय, पुढचा चेंडू किती वेगाने येईल. आपल्याकडे याला 'फॅन्सी' म्हणतात. जिथे एका चेंडूवर पैसे लागतात तिथे तो चेंडू टाकणारा एकटा माणूस असतो, हे सांगायला रायरांची गरज नव्हती. १९१९ साली शिकागोच्या आठ जणांवर अख्खी अंतिम मालिका विकल्याचा ठपका आला आणि आठही जन्माचे बाद झाले. आता इतकी यातायात नको. नोव्हेंबर २०२५मध्ये क्लीव्हलंडच्या दोन पिचरांवर ठरवून खराब चेंडू टाकल्याचा आरोप ठेवला गेला, आणि लगेच एका चेंडूवर लावायची मर्यादा २०० डॉलरवर आणली. म्हणजे दारू बंद केली नाही, पेला लहान केला.

आणि ओहतानीचा दुभाष्या! बेसबॉलमधला आजचा सर्वांत मोठा खेळाडू हा जपानी, आणि त्याच्या दुभाष्याने त्याच्या खात्यातून जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर सट्ट्यात घालवले. २०२५मध्ये त्याला ५७ महिन्यांची शिक्षा झाली. मराठीत पावणेपाच वर्षं. रायरांना रक्कम ऐकून काही वाटलं नाही, पण धंदा ऐकून ते हळहळले. "दुभाष्या? आमच्या घराण्याने तंजावरात तेच केलं. कधी असा हात मारता आला नाही."

फ्युचर्स म्हणून एक प्रकार आहे. मार्चमध्ये पैसे लावायचे आणि निकाल शरद ऋतूत. त्याबद्दल ताईला काही समजवावं लागलं नाही. तिने मुलाला सीबीएसईत घातलं तेव्हापासून ती त्यातच आहे.

राहिलं पार्ले. भाच्याचं सगळ्यात लाडकं, आणि दुकानाचंही. चार-पाच पैजा एका दोरीत ओवायच्या. सगळ्या जमल्या तर घबाड, एक जरी चुकली तर सगळं पाण्यात. गिंडीत याचं नाव जॅकपॉट, ओळीने शर्यती जिंकणारे घोडे सांगायचे. भाचा म्हणाला, "मामा, दहा डॉलरचे अडीचशे! विचार करा."

रायरांनी विचार केला. नाण्याच्या छापा-काट्यासारखी सरळ पैज असली तरी दुकान १०० जिंकायला ११० मागतं. म्हणजे एका पैजेत शंभरामागे सरासरी साडेचार दुकानाचे. वाईट नाही, मंडईतला दलाल जास्त घेतो. पण अशा पाच ओवल्या तर? बत्तिसात एकदा जमणार, म्हणजे दहाचे तीनशे वीस मिळायला हवेत. मिळतात अडीचशेच्या किंचित वर. शंभरातले एकवीस गेले. "एकदा चावलं तर डास," रायर कागद घडी करत म्हणाले, "एकाच जागी पाचदा चावलं तर डॉक्टर."

मी म्हणालो, पोरगा चार जिंकलाय, पाचवीही येईल. तिकडे साडेआठच्या खाली हवं होतं आणि नवव्या पाळीत नववी धाव आली. दुसरी वन-बाय-टू गेली.

त्या सकाळी कॉफी पिता पिता रायरांना विचारलं, इतकं कळतं तर चाळीस वर्षं गिंडीत का गेलात? ते म्हणाले, "ते कौशल्य होतं, जुगार नव्हता. सुप्रीम कोर्ट म्हणालंय." म्हणालं आहेच. राज्य सरकारने १९७४ साली घोड्यांच्या शर्यती बंद करायचा कायदा केला, प्रकरण वीस-बावीस वर्षं चाललं आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घोडा ओळखणं हे बुद्धीचं काम आहे. रायरांनी त्या निकालाचं कात्रण देवघरात नाही, पण देवघराच्या शेजारच्या कपाटात ठेवलंय. ते उठून दाखवतात. घोड्याचा बाप, आई, जॉकी, वजन, पावसाने मऊ झालेली माती, सगळं वाचावं लागतं म्हणतात. आणि तरी जिंकतो तो घोडा आपला नसतो, असंही म्हणतात.

पण गिंडीत आजवर सर्वांत भारी भाव कुणाला मिळाला असेल तर तो क्लबाला, असं माझं मत. १९४५ साली १६० एकर जमीन, ९९ वर्षांसाठी, वर्षाला ६१४ रुपये आणि वर काही आणे भाड्याने. असा घोडा जन्मात लागत नाही. पुढे भाडं वाढलं, क्लबाने नव्या दराने भरलं नाही, थकबाकी ७३० कोटींवर गेली, आणि सप्टेंबर २०२४मध्ये सरकारने फाटकाला टाळं ठोकलं. रायर त्या दिवशी बसने जाऊन ते टाळं पाहून आले. कुठलं टाळं होतं, किती लिव्हरचं, हेही त्यांना सांगता येतं. आता तिथे पावसाचं पाणी साठवायला तळी खणली आहेत. वेलाचेरीत दर डिसेंबरला गुडघाभर पाणी शिरतं, त्यामुळे सोसायटीतले बाकीचे लोक खूश आहेत.

जाता जाता एक सांगतो. तमिळमध्ये चेंडूला पंदु म्हणतात आणि पैजेला पंदयम्. इतके जवळचे शब्द असताना इथल्या लोकांनी बेसबॉल कसा सोडला, कळत नाही.

आठवड्याने ताईचा फोन यायचा होता. मी अहवाल तयार ठेवला होता, सगळे प्रकार, टक्के, डास, डॉक्टर. रायर म्हणाले, "पाच मिनिटंही ऐकणार नाहीत. पहिलाच प्रश्न, किती गेले." मी म्हणालो, आमच्या ताईला ओळखत नाही तुम्ही. ती आधी पार्लेचा अर्थ विचारेल. लावू या?

फोन वाजला.

"ते जाऊ दे सगळं," ताई म्हणाली. "एकूण किती गेले त्याचे?"

भाच्याचे मोसमात चारशे दहा डॉलर गेलेत. मी रायरांचं दीड कॉफीचं देणं लागतो.